करवंदीतलं घर

रिवणहून कावऱ्याला बस दोनची.
मी सड्यावरून चालत जाते, लसींचा डबा खांद्याला,
खाली जांभा, भोकाभोकांचा, चपलेतून पोळणारा.
एप्रिलात हिरवं म्हणायला करवंदीच्या जाळ्या,
बाकी सगळं ट्रकांनी तांबडं केलेलं.

तिसऱ्या वळणावरच्या जाळीत ते आहे:
सोललेल्या नारळाएवढं, मळकं,
सुकी पानं, मुंग्यांची डोकी, भुंग्यांचे रिकामे पंख
एकात एक विणून टाकलेले.
तीन वर्षं मी त्याला कचरा समजत होते,
वाऱ्यानं आणून अडकवलेला.

यमनी वेळीप करवंदं काढत होती.
माझा हात तिकडे गेला तशी म्हणाली,
"बाये, ती खांदी सोड. तांचें घर तें."
आणि गवताची काडी जाळ्याला लावून
थरथरवली, नाकतोडा अडकल्यासारखी.

भोकाभोकांतून आले कोळी.
एक, मग सात, मग मोजता येईनात.
हरभऱ्याएवढे, अंगभर राखाडी लव,
मखमलीवरून उलटा हात फिरवल्यावर दिसतो तो रंग.
काडीपाशी आले. थांबले.
कुणी कुणावर रागावलं नाही. परत आत.

त्यांच्या जाळ्याला डिंक नसतो, हे मी नंतर वाचलं.
पिंजलेली लोकर असते, तिच्यात पाय गुंततो.
आणखी एक वाचलं, ते यमनीला सांगितलं नाही:
पिल्लं झाली की आई आतून विरघळायला लागते.
तोंडातून तोंडात भरवते, पातळ, स्वतःचंच.
उरते ती पिल्लं खातात. ती हलत नाही.
आणि ज्या कधी व्याल्याच नाहीत,
त्या मावश्याही भरवतात.
त्यांचंही तेच होतं.

बावीस वर्षं मी बाळंतपणं केली.
नाळेची गाठ डोळे मिटून बांधते.
सिस्टर, तुमची किती? विचारतात बायका,
कळा थांबतात त्या मधल्या वेळात.
मी म्हणते, पाय वर घे.

आज जाळं फाटलेलं होतं, गवा घुसला असेल.
संध्याकाळी परतताना बघितलं,
पाच-सहा जणी डागडुजीला लागल्या होत्या,
वाकून, मागच्या पायांनी लोकर विंचरत.
मी जरा जास्तच जवळ गेले.

घरी साडीला इस्त्री करताना दिसला
पदराला लागून आलेला एक धागा.
इस्त्री त्याच्या कडेकडेनं फिरवली.