इतिवृत्तातली बारा मिनिटं

एडविन टर्मालानं जिवंतपणी
कुणाला एक खिळा फुकट दिला नाही.
मोजून द्यायचा, वर पिशवीचे दोन सेंट लावायचा.
मेल्यावर कळलं, दुकान, मागची जागा, बँकेतलं सगळं
गावाच्या नावानं करून गेलाय.
मुद्दलाला हात लावायचा नाही, एवढी एक अट.
खर्चायचं ते व्याज.

यंदाचं व्याज बेचाळीस हजार डॉलर.
मागणी एक लाख अठरा हजारांची.
अंथरूण एवढंसं
आणि सतरा जणांचे पाय.

नोव्हेंबर. ग्रॅनाइट हार्बरच्या वाचनालयाचं तळघर.
सरोवरावरून आलेला बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत.
आम्ही पाच जण :
दंतवैद्य बोशीन,
स्कूलबस चालवून निवृत्त झालेली लेम्पी,
बँकेचा एक, जो फक्त मान हलवतो,
टेसा, वय सतरा, तरुणांचंही मत हवं म्हणून,
आणि मी, एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली,
म्हणून नकाराची पत्रं माझ्याकडे.

प्रत्येक अर्जाला पाचपैकी गुण.
गरज किती, पोच किती, परिणाम मोजता येतो का.
अन्नछत्राला फ्रीजर हवाय, साडेनऊशेचा;
पेन्सिलनं लिहिलेला अर्ज, खोडून खोडून भोक पडलेला.
"इतकं कमी कुणी मागतं का?" बोशीन म्हणतो,
जणू कमी मागणं हाही एक संशयच.
नाट्यमंडळाला पडदा हवाय, जुन्यात वटवाघळं राहतात.
ओजिब्वे शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय,
'लाभार्थी'च्या रकान्यात नातवंडं धरायची
की ज्यांच्याशी ती आता बोलू लागलीत ते आजोबा?
टेसानं त्यांना पाच दिले. कारण लिहिलं नाही.

सहा चाळीसला अकरा नंबर.
इल्मा. माझी धाकटी बहीण.
नातं असेल त्यानं बाहेर जावं, असा नियम आहे.
नियम मीच टाइप केला होता.

बाहेर कोटांची खुंटी,
हरवलेल्या हातमोज्यांचं खोकं, सगळे डावे.
रेडिएटर खोकतोय.
भिंतीपलीकडून आवाज येतात, शब्द येत नाहीत.
तिचा अर्ज मला पाठ आहे.
आठवड्यातून तीनदा, पहाटे चारला,
किडनीच्या पेशंटांना नव्वद मैलांवर नेते आणि आणते.
गिअरबॉक्स गेलाय, टायर गुळगुळीत झालेत.
'गेल्या वर्षीचे परिणाम' या मथळ्याखाली
अर्धं पान मोकळं असतं, तक्ते जोडता येतात.
तिनं एकच ओळ लिहिलीय :
सगळे जिवंत आहेत, एल्मर सोडून.

आत कुणीतरी हसलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग खुर्ची सरकली.

सहा बावन्नला लेम्पीनं दार उघडलं.
कुणी माझ्याकडे बघेना; बँकेचा तर
आपल्याच पेनकडे बघत होता.
अकरा नंबरपुढे लेम्पीच्या तिरक्या अक्षरात :
टायर मंजूर. गिअरबॉक्स पुढच्या वर्षी, निधी असल्यास.
मी बारा नंबर वाचायला घेतला.
माझा आवाज नेहमीसारखाच आला, याचंच मला नवल वाटलं.

पत्रं टाकेपर्यंत बोलायचं नाही, हाही नियमच.
रविवारी इल्माकडे जेवले.
तिनं विचारलं नाही. मी दोनदा सूप वाढून घेतलं,
भूक नव्हती तरी.
परत सोडायला तीच आली.
चढावर दुसरा गिअर पडताना
व्हॅन कण्हली, थांबली, परत कण्हली.
ती म्हणाली, यंदा बर्फ लवकर आला.
मी म्हटलं, हो, फारच लवकर.