पेटीत काय आहे

मिरज स्टँडवर कंडक्टरने पेटी पाहिली
आणि म्हणाला, सतार ना?
वर नको टाकू, तारा उतरतात. सीटशी उभी धर.
मी हो म्हटलं.
आमच्याकडे लांब पेटीत दुसरं काही असतं
असं कुणाला वाटतच नाही.

तसं फार खोटंही नव्हतं.
रायफलीचा गालाखालचा तुकडा
सतारमेकर गल्लीत दस्तगीरमामूंनी घासून दिलेला.
मूळचा कुठल्यातरी रुंद चेहऱ्याच्या माणसासाठी केलेला.
मामूंनी माझा गाल अंगठ्याने चाचपला,
भोपळा निवडताना चाचपतात तसा,
म्हणाले, आमचे पणजे शिकलगार. तलवारी घासायचे.
राजे गेले, मग सतारी आल्या.
तुझ्यामुळे हात जुन्या कामाला लागला म्हणायचा.
पैसे घेतले नाहीत. फक्त,
कुणाच्या अंगावर धरू नको, एवढं.
कागदावर धरते, मी म्हटलं.
मग ठीक. कागद सोसतो.

मार्केट यार्डातलं गोदाम हीच आमची रेंज.
एका अंगाला हळदीची पोती, उरलेल्या जागेत दहा मीटर.
सौदे संपले की येसुगडे सर शटर अर्धं ओढायचे.
सुभेदार होते, अजूनही शर्ट खोचतात.
श्वास अर्धा सोड. अर्धा ठेव.
ठोका पडू दे, पुढचा पडायच्या आत चाप.
आणि छर्रा सुटला तरी हलायचं नाही,
गेलेल्याच्या मागे क्षणभर थांबायचं असतं.
हे मला सगळ्यात उशिरा जमलं.
आईला न शिकवता येतं:
एसटी वळली तरी तिचा हात वरच.

फ्रँकफुर्टला त्यांनी पेटी उघडली.
फेडरेशनचं पत्र, रायफलीचा नंबर,
सिलिंडर रिकामा असल्याचा दाखला, सगळं तीनदा.
मग एका बाईने जॅकेटच्या शिवणीतून
पांढरी पट्टी फिरवली.
पिवळी निघाली.
दुसरी घेतली. पिवळीच.
तिने कुणाला तरी बोलावलं, त्याने आणखी कुणाला तरी.
मी हळद म्हणाले, टर्मरिक म्हणाले,
हाताने आमटी ढवळून दाखवली,
शेवटी नवरीला लावतात तशी
दोन्ही गालांना लावून दाखवली.
रांगेतला एक म्हातारा हसला.
यंत्राने पट्टी गिळली, बराच विचार केला,
हिरवा दिवा लावला.
बाईने हातमोजा नाकाशी नेला, मग मला जाऊ दिलं.
मोज्याचं बोट पिवळंच होतं.
सांगलीची हळद आहे, लवकर जायची नाही,
हे जर्मनमध्ये कसं सांगायचं?

लाऊडस्पीकरवर मी हिंगमिरेची हिंगमायर झाले.
छत्तीस नंबरची लेन. शेजारी नॉर्वेची मुलगी,
तिच्या जॅकेटला कसलाच वास नव्हता.
समोर दहाचा ठिपका, पूर्णविरामाएवढा.
पहिला छर्रा आठ पॉइंट सात.
दुसराही डावीकडे.
मान ठीक होती, कोपर ठीक होतं.
शांतता चुकीची होती.
गोदामाबाहेर हमाल पोती मोजायचे,
लाभ, दोन, तीन,
त्या मोजणीच्या फटीत मी चाप ओढायला शिकलेले.
इथे नुसता एसी.
मग तोंडातल्या तोंडात मीच म्हटलं,
लाभ.

पासष्ट जणींत एकेचाळिसावी.
सरांना फोन केला तर म्हणाले,
ते राहू दे, शेवटचे दहा किती?
सांगितले.
बराच वेळ काही बोलले नाहीत. पलीकडे टेम्पो रिव्हर्स घेत होता.
म्हणजे खूश होते.

परत आले तर हंगाम ऐन भरात.
थप्पी पुढे सरकलेली,
दहातले दीड मीटर हळदीने घेतलेले.
सरांनी टेप लावून पाहिली, गुंडाळून खिशात टाकली.
उरलेलं मनात मोज, म्हणाले,
आणि शटर ओढलं.