सात की एक

जुलैची थंडी. सान एलादियोत गॅरेजचं दार
या दिवसांत अर्धंच उघडतं, बिजागरी आखडते.
आत तिघं जण लाल गाडीभोवती खुर्च्या ओढून बसलेत,
मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे.
आधी गोत्र, मग बाकीचं.

ओविदिओ लार्राल्दे, निवृत्त नोटरी, फायलीवर फाईल रचतो:
चोपन्न सालची तीन दिवसांची शर्यत, कच्चा रस्ता,
चौऱ्याऐंशी सुटल्या, एकोणीस पोचल्या,
एकोणिसांत ही. चासी नंबराच्या शेवटी सात.
"सात," तो पुन्हा म्हणतो, शिक्का मारल्यासारखा.

"एक," म्हणतो ब्रुस्की. दातांचा डॉक्टर तो,
छोटा आरसा आत सारून आकडा बघतो
किडकी दाढ बघावी तसा.
"कारखान्याचा सात असा नसतो. ही आडवी रेघ मागाहूनची.
आणि एकची गाडी होती एका साखर-दलालाची,
फक्त चर्चला जायची. तीही पाऊस नसेल तर."

मग बॉनेटवरचा चामडी पट्टा निघतो.
पट्टा म्हणजे शर्यत!
पट्टा तर मी फ्रिजलाही बांधीन, पळेल का तो?
डाव्या मडगार्डवरचा पोचा फोटोत आहे!
फोटोत धूळ आहे, ओविदिओ. धुळीला पोचा पडत नाही.
रंग खरवडा.
खरवडला. लालखाली हिरवा, हिरव्याखाली करडा,
करड्याखाली नखाएवढा पांढरा.
तो नंबराच्या गोलाचा की नुसत्या पुट्टीचा
यावर अर्धा तास गेला, मातेचा तुंबा दोनदा फिरला,
एकच नळी, तिघांची तोंडं.
भांडतात कडकडून, पण उष्टं चालतं.

तिसरा लेआंद्रो. गाडी त्याची, काकाकडून आलेली.
तो बोलत नाही. सोमवारी मेंदोसाहून गिऱ्हाईक येणार,
सात असला तर घर होईल, एक असला तर छप्पर.

मी पत्रा ठोकते. मला कुणी विचारत नाही.
शर्यतीनंतरच्या हिवाळ्यात मी आठ वर्षांची होते,
दिवा धरून उभी, इथेच, या खांबाशी.
चासी मधोमध मोडलेली. बापाने ती सांधली
एका मेलेल्या ट्रकच्या तुळईने,
मग नंबर ठोकायला बसला, तर पंचांच्या डबीत
सात नाही. कधी हरवला कोण जाणे.
त्याने एक घेतला. छिन्नीने वर टोपी दिली,
पोटात आडवी रेघ, आपण हाताने लिहितो तशी.
"झाला सात," म्हणाला. "दिवा नीट धर."

इंजिन तर त्याआधीच गेलेलं,
चाळीस किलोमीटरवर, एचेनिकेंच्या गोठ्यामागे,
पंपाला जोडलेलं. बारा गावचं पाणी प्यायलेलं ते,
आता गुरांना पाजतं.
गेल्या मार्चात गॅस्केट बदलायला गेले होते.
आधी खोकलं. मग असं काही ओरडलं
की एवढंसं पाणी उपसायला तेवढा आवाज लागत नाही.
गाईंनी मानही वर केली नाही. सवय.

तर धावलं काय?
दारं नवी. चाकं तिसरी. गाद्या उंदरांनी नेल्या.
स्टिअरिंगचं लाकूड तेवढं तेच,
उजव्या अंगाला त्याला अंगठ्याची झीज आहे,
ती अजून कुणी मोजली नाही.

"तू सांग," अचानक लेआंद्रो माझ्याकडे वळला.
ओविदिओचं पेन थांबलं. आरसाही थांबला.
माझ्या हातात हातोडी होती.
"पाणी उकळतंय," मी म्हटलं. "कडू होईल."
आणि तिघंही किटलीकडे धावले.

डबी तिसऱ्या खणात आहे.
सातच्या खाचेत बापाने कधीतरी
कोटाचं एक बटण बसवून ठेवलंय,
बाकीचे आकडे कलंडू नयेत म्हणून.