मोजदाद, केवडेबंदर

माझ्याकडे प्रभाग सात. एकशे बेचाळीस घरं,
भिंतीवर आकडे घालायला गेरूची वाटी,
आणि एक तक्ता, ज्यात प्रत्येक माणूस
एका आडव्या ओळीत मावला पाहिजे.

मावत नाही.

जुन्या दप्तरात सगळं गावच सहा ओळींचं:
खारवी इतके, भंडारी इतके, दालदी, कुळवाडी,
महारवाडा वहाळापलीकडे,
शनिवार तेली, घरं नऊ.
खाली शेरा: बंदरात मीठ व तांदूळ. वस्ती वाढण्याजोगी नाही.
सही मात्र फार सुरेख आहे.

तेल्यांची नऊ घरं एकाच उन्हाळ्यात उठली.
जाताना एलोजी पेझारकरांनी घाण्याचा बैल
शेजारच्या होडेकरांना दिला. घराची किल्लीही दिली.
बैलाला जाऊन जमाना झाला.
किल्ली खतिजाबीच्या फळीवर आहे, पिठाच्या डब्यामागे.
ती म्हणते, रिकामं लिवू नको गो, बंद लिव.
तक्त्यात दोन्हींना एकच आकडा.

पुलाआधी तर होती. तरीत माणसं बारा, कोंबड्या कितीही.
कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून रुसून निघाली
दाजी तांडेलला तोंडपाठ.
पूल झाला आणि दाजीने मोजायचं सोडलं.
त्याच्यानंतर थेट मीच.

आधी आला बर्फाचा कारखाना.
लाद्या फोडायला विजापूरकडची माणसं आली,
जिथे बर्फ लग्नातसुद्धा मिळत नसे.
मग ट्रॉलर, आणि ट्रॉलरवर कैलालीचे खलाशी
ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला
तोच मुळी पगारी.
मग फरशी बसवणारे गोरखपूरचे,
त्यांना जेवण घालणारे, त्यांचे केस कापणारे,
त्यांना सिमकार्ड विकणारे,
मग ग्रामपंचायतीची नगरपंचायत, कचऱ्याच्या दोन गाड्या,
आणि «स्थानिकांनाच प्राधान्य» असा फलक,
रंगवला रामसजीवनने, वळणदार अक्षरात.

आमची मुलं कुवेतला, बेलापूरला गेली.
«आमची» म्हटलं आणि जीभ अडखळली.
माझा पणजा इथे मिठागरावर आला तो दुसऱ्याच्या होडीतून,
पायांना खारानं पडलेल्या भेगा सोडून
त्याच्यापाशी कसलाच पुरावा नव्हता.

पहिलं कोण, हे विचारायचं नसतं. तरी सांगतात.
खारवी म्हणतात, आमची होडी लागली तेव्हा इथे नुसता केवडा.
होडेकर म्हणतात, केवड्यात पिराची कबर होती की.
भंडारी म्हणतात, कबरीवर सावली कुणाच्या माडाची?
वहाळापलीकडचे सखाराम मोहिते चहा पुढे करतात.
म्हणतात, बाई, सीमेचा दगड आमच्या म्हाताऱ्यांनी रोवला.
गाव त्याच्या आत नंतर भरलं.

घर त्रेसष्ट. यल्लव्वा, मातृभाषा कन्नड.
मुलगी माझ्याच वर्गात, पाढे मराठीत,
भांडण खास खारवीवाड्याचं.
घर चौऱ्याऐंशी. दिलमायाचं बाळ, वय सतरा दिवस.
जन्मठिकाण?
ती हसते. रिक्षात. पुलावर.
अर्धा पूल आमचा, अर्धा पलीकडच्या पंचायतीचा.
रिक्षावाल्या मुबारकला बोलावून विचारलं.
त्याने डोळे मिटून आठवलं, जसा पावती शोधतोय.
तिसरा खांब ओलांडला होता, बाई. पोर आपलंच.

मी लिहिलं, केवडेबंदर.

शेवटच्या रात्री बेघर मोजायचे असतात.
बॅटरी घेऊन धक्क्यावर गेले. जाळ्यांच्या ढिगावर
एक जण पडला होता, उशाला डिझेलचा कॅन.
नाव सांगितलं. गाव सांगितलं, मला लिहिता येईना.
नेहमी कुठे झोपतोस?
ओहोटीला इथे, म्हणाला. भरतीला होडीत.

पाण्याकडे पाहिलं.
पायरी अजून अर्धी कोरडी होती.
गेरू संपला होता, आणि आकडा घालायला भिंतही नव्हती.
घाईघाईने लिहून घेतलं त्याला,
पाणी चढायच्या आत.