गाडेघाटची पाटी

सहा बाय चार. पत्रा अठरा गेजचा,
ग्रामपंचायतीनं दिलेला. रेड ऑक्साइड मी मारलं.
निळी जमीन, पांढरी अक्षरं, असं कॉलेजच्या बाई म्हणाल्या,
आणि सत्तावीस नावं दिली झेरॉक्सवर,
काहींपुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.

खाली 'सौजन्य', जिनिंगवाल्यांचं.
ते 'थोडं ठळक' पाहिजे.
त्यांचा पणजा इथला मक्तेदार.
त्याच्याच वहीत ही माणसं पहिल्यांदा लिहिली गेली:
लग्नाला चाळीस हाली रुपये, त्या बदल्यात
तू, तुझी बायको, पुढं पोरगं झालं तर तेही.
मी ठळक करत नाही. जागा नाही म्हणतो.
जागा आहे.

पैनगंगा ओलांडली की पल्याड वऱ्हाड, इंग्रजी अंमल.
मक्तेदाराचा माणूस पाण्यापाशी थांबायचा.
एवढंच अंतर. हाक मारली तर ऐकू जातं.
पण हाक मारायची नव्हती ना,
म्हणून ही यादी.

मदारसाब मणियार. बांगड्या भरताना
बायांच्या मनगटाशी वाकून रात्र सांगायचा.
सटवाजी हलगीवाला, वरातीत मुद्दाम
एक ठोका गिळायचा.
लच्चूबाई कोलाम हिनं एक बाळंतीण
झाडीत सव्वा महिना ठेवली, पोर रडलं की स्वतः खोकायची.
ठकाजी भोई. 'ठ'ची गोलाई मला कधीच साधत नाही,
तीनदा पुसली.
त्याची नाव होती, त्याचं नाव राहिलं
हे बाई भाषणात म्हणणार आहेत. म्हणू देत.

आणि गयनाबाई परटीण.
छापील लुगडं उलटं वाळत घातलेलं दिसलं
की आज रात्री नाव आहे.
सुलटं असलं तर गुमान ढोरं वळायची.

'मग हे बंद कसं पडलं, काही ऐकलंय का तुम्ही?'
बाईंनी वही उघडून विचारलं.
मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये फिरवत राहिलो.

आम्ही रंगारी. कापडाची उलटी बाजू ओळखणं
हा आमचा पिढीजात धंदा.
माझ्या पणज्यानं दुरून पाहिलं असंल,
ही बाई एरवी चुकत नाही,
अमावस्येच्या आगंमागंच कशी चुकते?
परटीण, आन् चुकते?

त्याला एक गोऱ्हा मिळाला. पांढरा, शिंगं कोवळी.
घरात त्या गोऱ्ह्याच्या गोष्टी पुष्कळ होत्या,
कसा धावायचा, पोळ्याला कसा सजायचा.
कशाबद्दल मिळाला ते थोरल्या चुलत्यानं
एकदाच सांगितलं, शिंदी प्याल्यावर,
आणि सकाळी म्हणाला, मी काय बोललो रे?

नाव कुऱ्हाडीनं फोडली, इथंच, या दगडावर.
गयनाबाईचं पुढं काय झालं ते झेरॉक्समध्ये नाही.
आमच्याही गोष्टीत नाही.

दर पाटीच्या कोपऱ्यात मी सही करतो:
रंगारी आर्ट्स, हदगाव, खाली मोबाइल नंबर.
आज लिहिली. रॉकेलच्या बोळ्यानं पुसली.
पुन्हा लिहिली, नंबर न घालता.
तिथं निळा जरा मळकट झालाय,
जवळ जाऊन पाहिलं तरच कळेल.

उद्या अनावरण. तहसीलदार येणार.
झाकायला काही नव्हतं, म्हणून घरून
आईचं जुनं छापील लुगडं आणलं,
पाटीवर टाकलं, चारी कोपऱ्यांना गाठी मारल्या.
मग बसलो, बिडी ओढली.
उठलो, गाठी सोडल्या,
आणि पुन्हा घातलं,
फिकी बाजू वर.

घाटावर कुणी नव्हतं.
पल्याड कुणीतरी पाण्याची मोटार सुरू केली.
अंधार पडेपर्यंत तिचा आवाज
इकडं येत राहिला.