आठ सेकंद

ओलेसुंदच्या गोदीवर, जुन्या मिठाच्या वखारीत
आता बोटींसाठी प्रोग्रॅम लिहितात.
खिडकीखाली समुद्र. भिंतींना अजून
सुक्या कॉडचा वास, हीटर लावला की जास्तच.

सुनिव्हा क्लेप्पे इथे बावीस वर्षं.
फेरीबोटीचा पुढचा दरवाजा कधी उघडायचा
हे ठरवणारा क्लास तिचा.
बोट धक्क्याला टेकली का, दोर ताणला का,
मग आठ सेकंद थांब,
मगच उघड.
सात नाही.
हा आठ तिने थंडीत धक्क्यावर उभं राहून
हातमोज्यात घड्याळ धरून काढलेला.

एस्किलने त्या क्लासला एक पोर काढलं,
नाव ठेवलं ‘रात्रीची फेरी’.
पोराने आईचं सगळं घेतलं,
थांबणं तेवढं घेतलं नाही.
रात्री गाड्या कमी, त्याने शेजारी टीप लिहिली,
उगाच कशाला.
आठाच्या जागी तीन.
एवढ्या सहज तर कुणी
दारावरची पाटीही बदलत नाही.

नोव्हेंबरात एक पावाची व्हॅन
पुढची दोन चाकं हवेत ठेवून थांबली.
खाली दीड हात फट, फटीत काळं पाणी.
एकही पाव भिजला नाही.
ओड्व्हार मात्र उतरला तो धक्क्यावरच बसून राहिला,
आणि कुणी कॉफी दिली
तर निम्मी बाहीवर.

बैठकीत कुणी आवाज चढवला नाही.
एस्किलचे कान लाल.
सुनिव्हाने मान खाली घालून
क्लासच्या आधी एक शब्द टाइप केला: फायनल.
याच्यापुढे वंश नाही.
मग तोच शब्द आठाच्याही आधी.

आपल्या बाजारात फायनल म्हणजे
अजून दोन रुपये सुटतील.
कंपायलर तसला दुकानदार नव्हे.
त्याच्याकडे फायनल म्हणजे
काळ्या दगडावरची रेघ,
दुसऱ्या दिवशी एस्किलने ती मुद्दाम पुसून पाहिली
आणि स्क्रीनभर लाल ओळी उमटल्या.

“पण ज्याला खरंच वेगळं काही हवं असेल, त्याने?”

“त्याने आपलं वेगळं घर बांधावं.
माझा दरवाजा त्यात बसवावा
आणि उघडायच्या आधी त्याला विचारावं.
पोर म्हणून येऊ नये.”

“आणि ही बोटींची यादी? हीसुद्धा फायनल,
तरी आत्ता मी हिच्यात एक बोट घातली, गेली की.”

सुनिव्हा हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.
“नाव दुसरीकडे जाणार नाही, एवढीच हमी.
आत काय चाललंय
ते त्या शब्दाला कुठलं कळायला.”

संध्याकाळी घरी जाताना
हे आपलंच बोलणं तिला टोचत राहिलं.

कायद्याने शेत थोरल्याचं. थोरली ती.
चोविसाव्या वर्षी तिने हक्क सोडला, कागदावर,
वडिलांनी स्वतःचं पेन पुढे केलं,
टोपण काढून.
मग टोर्गेरने मेंढ्या विकल्या.
कुरणात आता सहा लाकडी खोल्या,
पाहुण्यांच्या गाड्या चार्ज करायला खांब,
आणि आईच्या बटाट्यांच्या जागी वाळू,
मुलांना खेळायला.
शेताचं नाव क्लेप्पे. तिचंही आडनाव तेच.
लग्नातही तिने ते बदललं नाही,
घटस्फोटात बदलायची वेळच आली नाही.
बँकेत, दारावर, गाडीच्या कागदांवर
क्लेप्पे,
आणि ते नाव बोट दाखवतं तिथे गेलं
तर कोण कुठला डच माणूस टॉवेल वाळत घालत असतो.

फ्योर्डवर अंधार. बोट धक्क्याला टेकली.
गाडीत बसून ती मोजते, सवयीने,
ओठ हलवत:
पाच. सहा.

सातलाच तिचा पाय
ब्रेकवरून हलका झालेला असतो.