तीन पॉइंट दोन

सोप्या वर्गात सगळंच दिसायचं.
मृग, त्याचा बाण, रोहिणीचा तांबूस डोळा,
निनाद सरांच्या हिरव्या लेसरचं टोक
थेट शनीला जाऊन टेकायचं.
मग मी पुढच्या वर्गाची फी भरली
आणि आकाश गणिताच्या वहीत गेलं.

शुक्रवार पेठेतल्या शाळेत, चौथी 'ब'च्या बाकांवर
आम्ही सात जण. एक दातांचे डॉक्टर,
दोघे जीएसटीवाले, एक निवृत्त पोस्टमास्तर.
गुडघे फळीला घासत होराकोन काढतो.
दहावीत साइन-कोसाइन
मी पेपराबरोबरच देऊन टाकले होते.
चाळीस वर्षांनी पत्ता शोधत परत आले.

तारे रोज चार मिनिटं लवकर हजर होतात.
आमच्या भोसरीत असं कुणी केलं असतं
तर महिनाअखेर ओव्हरटाइम मागितला असता.

आणि ती प्रत. आकडा वाढला की तारा मंद.
तीन शनिवार मला हे पटलं नाही.
पोस्टमास्तर म्हणाले, वर्गातला नंबर समजा हो,
पहिला आला तो झळकतो.
तेव्हा कुठे गाडं हललं.

मार्गशीर्ष. धायरी. सोसायटीची गच्ची.
उत्तरेला अख्खं पुणं उजेड ओकतंय.
ध्रुव साडेअठरा अंशांवर, आपल्या वाट्याला तेवढाच,
तोही शेजारच्या इमारतीच्या टाकीमागे.
लिंबराज वॉचमनने दोन दिवे घालवले,
चोर आले तर तुमच्या नावावर, म्हणत.

वर ययाती. अलीकडे देवयानी, पलीकडे शर्मिष्ठा,
पुराणात जे जमलं नाही ते एका गच्चीवरून जमतं.
ययातीतला एक तारा
दर दोन दिवस एकवीस तासांनी
पाच तास मंदावत जातो, मग परत उजळतो.
जोडीदार पुढून जातो, एवढंच.
घरात कुणी दिव्यापुढून जावं तसा.

काम सोपं. दर अर्ध्या तासाला ठरवायचं,
तो देवयानीच्या पायाशी आहे तिच्याइतका,
की खालच्या त्या बारक्याइतका,
की दोघांच्या मधे, आणि मधे म्हणजे कुठे.

तीस वर्षं मी मोजतेच आहे.
एसी खोली, बरोबर वीस अंश, ग्रॅनाइटची फरशी,
मायक्रॉनमध्ये भांडणारी माणसं.
इथे उपकरण मीच,
आणि उपकरणाच्या उजव्या डोळ्यात
मोतीबिंदू सुरू झालाय.

सव्वाआठ, दोन पॉइंट तीन.
सव्वानऊ, दोन पॉइंट सात.
पावणेअकराला तळ गाठायचा होता,
तक्त्यात छापलंय, तीन पॉइंट चार.
मला दिसला तीन पॉइंट दोन.
चष्मा पुसला. मान मोडेपर्यंत पाहिलं.
तीन पॉइंट दोन.

पेन चारकडे निघालं.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी तोंडावर, ट्रक गेटवर,
बुशिंगच्या एका लॉटचे शेवटचे चाळीस आकडे
मी खुर्चीतून न उठता भरले होते.
सगळे मर्यादेत. अक्षर सुरेख.
काही झालं नाही. कुणी परत पाठवले नाहीत.
ते चाळीस कुठल्या कुठल्या चाकांत फिरत असतील
किंवा अडकले असतील कधीचे.
मला कळायची सोय नाही.

निनाद सर, वय अठ्ठावीस,
फळा पुसता पुसता एकदा म्हणाले होते,
दिसलं ते लिहा.
दिसायला हवं ते तक्त्यात आधीच आहे.

लिंबराज चहा घेऊन वर आला.
कुठला? तो? आहे की तो.
आहे. कमी झालाय.
तुम्हाला कसं कळतं?
शेजारच्यांकडे बघून, म्हटलं.
म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, म्हणाला,
आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही, वर बघत राहिला.

दहा पंचेचाळीस. तीन पॉइंट दोन.
शेऱ्याच्या रकान्यात: उत्तरेला शहर. उजवा डोळा अधू.
सही.

पुढच्या नोंदीला अर्धा तास होता.
चहात साखर नव्हती.
तेही सांगितलं.